उतरल्याची नोंद

३ जून, मंगळवार
हिराताके स्की मैदान, कर्मचारी निवास

कुनिमोतो-सान यांस,

डोंगरावरचा बर्फ आता फक्त घळीत उरला आहे आणि गोंडोल्याखालच्या उतारावर आम्ही गवत कापायला सुरुवात केली आहे. तोयामाला तुमच्याकडे उकाडा सुरू झाला असेल.

पाच वर्षांत मी पत्र लिहिलं नाही. आज लिहितो आहे त्याचं कारण रविवारचा फोन. संध्याकाळी साडेसहाला आमच्या डोंगरवाट कक्षातून तुम्हाला कळवण्यात आलं की मोमोसे इओरी हा माणूस खाली आलेला नाही. तो आलेला होता. पावणेपाचलाच आला होता.

झालं ते असं. शेवटच्या लिफ्टच्या वर जो कोणी चालत जातो त्याने जाण्याआधी एक कागद भरून पेटीत टाकायचा असतो: नाव, वाट, किती वाजता परत, आणि काही झालं तर कोणाला कळवायचं. खाली आल्यावर त्याच कागदाची दुसरी चिठ्ठी टाकायची. तिला उतरल्याची नोंद म्हणतात. ती टाकली नाही तर माणूस डोंगरावरच आहे असं धरलं जातं. मी इथे चार वर्षं लिफ्टवर काम करतो आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ‘उतरल्यावर नोंद टाका, विसरू नका.’ रविवारी माझी सुट्टी होती. मी वर गेलो, खाली आलो आणि नोंद टाकायला विसरलो. फोन खोलीत ठेवून मी गरम पाण्याच्या हौदावर आंघोळीला गेलो. पावणेआठला पुरुषांच्या पडद्याबाहेरून मारुयामा-सान ओरडल्या, “मोमोसे! आत आहेस की मेलास? मेला नसशील तर बाहेर ये, मग मी मारते!”

मारुयामा-सान कक्षाच्या खिडकीत बसतात. वय सत्तर. घाबरल्या की त्यांचा आवाज चढतो. फोनवर त्या तुमच्याशीही चढ्या आवाजात बोलल्या असतील तर मी माफी मागतो. बोलताना त्यांनी नात्याचा एखादा शब्द वापरला असेल तर तो कार्यालयाचा शब्द समजावा. कागदावर तसा एक रकाना असतो आणि तो भरावाच लागतो.

तुमचा नंबर तिथे का होता असं तुम्ही विचाराल. मला दुसरा कुठलाही नंबर पाठ नाही.

मार्चमध्ये तुम्ही बसवरून निवृत्त होणार असं मामाच्या नव्या वर्षाच्या कार्डावरून समजलं होतं. इतकी वर्षं समोरच्या रस्त्याकडे पाहिल्यानंतर तुम्हाला आता कुठे जावंसं वाटतं की नाही, मला माहीत नाही. आईला थंडी सोसायची नाही म्हणून आपण तिघं स्कीला कधीच आलो नाही. ती म्हणायची, बर्फाच्या गावी उन्हाळ्यात जावं, तेव्हा तिथे कोणी नसतं. ते खरं नाही. उन्हाळ्यातही माणसं असतात, पण हळू चालणारी असतात. जुलैच्या शेवटी उतारावर पिवळ्या लिली फुलतात. एक माहितीपत्रक सोबत ठेवतो आहे. चालण्याच्या सुट्टीसाठी दोन-तीन दिवस यावंसं वाटलं तर योजना मी करीन. नाही वाटलं तर माहितीपत्रक जपून ठेवायची गरज नाही.

‘तसदी’ हा शब्द मी कोशात पाहून लिहिणार होतो. शेवटी न पाहताच लिहितो आहे. तसदीबद्दल माफ करा.

मोमोसे इओरी

१४ जून, शनिवार

कुनिमोतो-सान यांस,

तुमचं कार्ड पोचलं. ‘समजले. गुडघा ठीक. योजना पाठव.’ मी ते चार वेळा वाचलं. सगळं स्पष्ट आहे, प्रश्न एकच. ‘ठीक’ म्हणजे चढताना ठीक की उतरतानाही ठीक? तुमचा उजवा गुडघा ब्रेकचा होता. त्याला उतार जास्त बाधतो असं धरून मी योजना केली आहे. लिफ्ट संपते तिथून चढायचं पायी, उतरायचं जमेल तिथून लिफ्टने.

२४ जुलै, गुरुवार. शनिवार-रविवार टाळले आहेत, तेव्हा लहान मुलांची शिबिरं येतात. तोयामाहून बुलेट ट्रेनने इतोइगावा, तिथून डोंगरातली छोटी गाडी. एक डबा असतो. नदीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे बसा. ९.५२ ला मी स्टेशनवर असेन. उतरण्याची जागा जिन्यापासून सहा पावलांवर आहे, तिथेच उभा राहीन.

पहिल्या दिवशी फक्त तळ्याची फेरी. पन्नास मिनिटं, लाकडी फळ्यांची वाट, कागद भरावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी गोंडोल्याने वर, तिथून खुर्ची-लिफ्ट, मग चालत बर्फाच्या घळीपर्यंत आणि पुढे डोंगराच्या खांद्यावर. नकाशात ही वाट दीड तासाची आहे. मी दोन सुट्ट्यांत घड्याळ लावून ती चाललो. एकदा माझ्या चालीने आणि एकदा तुमच्या चालीने. तुमची चाल म्हणजे डेपोपासून घरापर्यंतची. अकरा मिनिटांचं अंतर तुम्ही चौदा मिनिटांत यायचात, कारण तांदळाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मांजर असायचं. त्या हिशेबाने एक तास चोपन्न मिनिटं होतात. वाटेत तीन बाकं आहेत. पहिलं हलतं. मी त्याखाली दगड लावून आलो.

जेवायला वांग्याचं सारण भरलेले भाजके ओयाकी पाव, मीठ लावलेली काकडी आणि थंड बार्ली चहा. भाताचे गोळेही घेईन, पण आंबट आलुबुखारा घालणार नाही, तुम्हाला तो चालत नाही. अस्वलासाठी घंटा माझ्याकडे दोन आहेत. पाऊस आला तर योजना ‘ब’: जुन्या लिफ्टच्या यंत्रघरात बसून डोंगराची चित्रफीत. ही योजना चांगली नाही. पाऊस येऊ नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिलीचा उतार आणि १०.४० ची गाडी.

राहण्याची सोय कर्मचारी निवासासमोरच्या छोट्या सरायीत केली आहे. उशी बकव्हीटच्या टरफलांची आहे की नाही ते मी हात लावून पाहिलं. आहे.

दुसऱ्या दिवसासाठीचा कागद सोबत पाठवतो आहे. भरून पाठवलात तर त्या दिवशी खिडकीपाशी पाच मिनिटं वाचतील.

मोमोसे इओरी

२६ जून, गुरुवार

कुनिमोतो-सान यांस,

योजना लाल पेन्सिलीने तपासून परत आली. जेवणाच्या खोलीत मी ती उघडली तेव्हा शेजारचा म्हणाला, “काय रे मोमोसे, नापास?” मी म्हटलं, नाही, हे वेळापत्रक आहे.

तुमच्या दुरुस्त्या मान्य. स्टेशनवर उतरल्यावर बूट, पाणी आणि संडास यांना मी बारा मिनिटं दिली होती. त्यापुढे तुम्ही लिहिलंत, ‘प्रवाशांना म्हातारपण असते. २५.’ पंचवीस केली. ‘दुसरे बाक, विश्रांती ७ मिनिटे’ याला तुम्ही ‘७ का?’ असं विचारलंत. आता तिथे ‘विश्रांती’ एवढंच आहे. छत्रीपुढे ‘नको’ लिहून, ते खोडून ‘हवी’ लिहिलंत, ते समजलं. ओयाकीपुढे ‘तोयामाचा मासे-भात मी आणतो’ असं आहे. बांबूच्या पानातला तो दाबलेला भात मी पाच वर्षांत खाल्लेला नाही. इथे मिळतो, पण तो विकत घेणं मला बरोबर वाटलं नाही.

खाली सगळ्यात शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘वेळापत्रक चांगले. चालकाला वळायला जागा ठेवली आहे.’ हे वाक्य मी वहीत उतरून घेतलं.

आता कागदाबद्दल. तुम्ही तो नीट भरला आहे. ‘कोणाला कळवावे’ इथे माझं नाव आणि नंबर आहे. त्यापुढचा ‘नाते’ हा रकाना रिकामा आहे.

तुम्ही ज्याची खात्री नाही ते लिहीत नाही, हे मला माहीत आहे. बस सोडण्याआधी तुम्ही बोट दाखवून मोठ्याने म्हणायचात, ‘उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक, दार ठीक.’ एका गोष्टीचीही खात्री नसेल तर बस हलायची नाही. पण रिकाम्या रकान्याचा कागद मारुयामा-सान घेत नाहीत.

यात चूक माझी आहे, आणि तीन तारखेच्या पत्रात मी ती लपवली. माझ्या कागदावर त्या रकान्यात ‘वडील’ असं लिहिलेलं असतं. चार वर्षांत मी एकतीस वेळा वर गेलो, एकतीस वेळा तेच लिहिलं. मारुयामा-सान यांनी फोनवर ‘तुमचा मुलगा’ म्हटलं असेल तर तो कार्यालयाचा शब्द नव्हता, माझा होता. तुम्हाला न विचारता वापरला.

कायद्याने मी तुमचा कोणी नाही. आई कुनिमोतो झाली, मी मोमोसेच राहिलो, आणि मला दत्तक घेण्याआधीच ती गेली. हे मला समजतं. शाळा सोडली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाही की का सोडलीस. तुम्ही म्हणालात, “घरात बसून काय करणार, मागच्या सीटवर बस.” सात महिने मी सात नंबरच्या बसमध्ये चालकामागच्या सीटवर बसलो. नदीवरचा पूल दिवसातून दहा वेळा ओलांडला. गॅस बंद करताना बोट दाखवून ‘बंद’ म्हणणं मी तिथेच शिकलो. लिफ्टच्या प्रत्येक खुर्चीला अजून तसंच म्हणतो. लोक हसतात.

आणि एक सांगतो, म्हणजे काही लपवलेलं राहणार नाही. आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर मामाने तुम्हाला विचारलं होतं की या पोराचं आता काय. तुम्ही म्हणालात, “त्याच्यावर माझा काही हक्क नाही.” मी स्वयंपाकघरात कप पुसत होतो. पुढच्या आठवड्यात चिठ्ठी ठेवून निघालो.

रकान्यात तुम्ही ‘ओळखीचा’ लिहू शकता. ते चालतं, मी विचारून घेतलं. तो शब्द मोकळा आहे, कोणावर काही लादत नाही.

कागद परत पाठवतो आहे.

मोमोसे इओरी

९ जुलै, बुधवार

कुनिमोतो-सान यांस,

तेरा दिवस झाले. टपालाला दोन दिवस लागतात, जास्तीत जास्त तीन. पाऊस सुरू आहे पण रस्ता बंद झालेला नाही, हे मी टपाल कार्यालयात विचारून आलो.

तुम्ही यायचं नाही असं ठरवलं असेल तर मी समजू शकतो. नाही ठरवलं, पण तो कागद अडतो आहे, असं असेल तर त्यासाठी मी दुसरी योजना केली आहे. दुसऱ्या दिवशीही तळ्याच्या बाजूलाच राहायचं. तळ्यापलीकडे जंगलात एक वाट आहे, बीच झाडांची, सपाट. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. कागद नाही, रकाना नाही. बर्फाची घळ दिसणार नाही, पण वारा तिथूनच येतो, आणि तो गार असतो.

हे पत्र इथेच संपणार होतं. पण आज सकाळी मारुयामा-सान यांना छत्री द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “येतोय का तो तुझा तोयामावाला?”

मी म्हटलं, माहीत नाही, उत्तर नाही.

“उत्तर कशाला पाहिजे? तो त्या दिवशी आलाच होता की.”

मला समजलं नाही. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, “मी वचन दिलं होतं रे. जाऊ दे. माझं वय झालंय, वचनं गळतात.”

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहितो, म्हणजे चूक असेल तर तुम्ही लाल पेन्सिलीने दुरुस्त कराल. रविवारी त्यांनी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “तो उतरला असेल. तो गॅस दोनदा बघतो. कागद विसरेल, वाट विसरणार नाही.” आणि मग म्हणालात, “तरी मी निघतो.” मी हौदात सापडल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला तेव्हा तुम्ही इतोइगावा स्टेशनवर होतात. छोटी गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मारुयामा-सान म्हणाल्या, “सापडला. आंघोळीला गेला होता.” तुम्ही म्हणालात, “पाणी गरम होतं ना?” आणि परतीच्या गाडीने गेलात. जाताना म्हणालात की हे त्याला सांगू नका, उगाच दहा वेळा माफी मागेल.

मी माफी मागत नाही.

त्या दिवशी नोंद का विसरलो हे मी सांगितलेलं नाही. हिराताकेच्या खांद्यावरून स्वच्छ दिवशी समुद्र दिसतो, आणि समुद्राच्या कडेला तोयामाच्या मैदानाचा एक तुकडा. माझ्याकडे जुनी दुर्बीण आहे. नदीवरचा पूल दिसतो का ते मी पाहत होतो. एकतीस वेळांपैकी अठ्ठावीस वेळा मी तेवढ्यासाठीच वर गेलो. त्या रविवारी पहिल्यांदा पूल दिसला. पांढरी रेघ, त्यावर काहीतरी हळू सरकत होतं. तुम्ही निवृत्त झाला आहात हे माहीत असूनही मी ते पलीकडे पोचेपर्यंत पाहिलं. मग शेवटच्या लिफ्टसाठी धावावं लागलं आणि बाकी सगळं विसरलो.

२४ तारखेला ९.५२ ला मी स्टेशनवर असेन. त्या गाडीत तुम्ही नसाल तर पुढची ११.४० ला आहे. त्यातही नसाल तर दुपारी माझी पाळी आहे, मला जावं लागेल.

मोमोसे इओरी

२० जुलै, रविवार

कुनिमोतो-सान यांस,

पावसाळा संपल्याचं आज रेडिओवर जाहीर झालं. तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. ‘८.१७ ने येतो. ९.५२ ला शिबिराची मुले असतात, चौकशी केली.’

ती गुरुवारीही असतात हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. ८.१७ ला जिन्यापासून सहा पावलांवर.

इओरी

१ ऑगस्ट, शुक्रवार

कुनिमोतो-सान यांस,

फेरी संपल्यावर चालकाने त्याच दिवशी नोंद लिहायची असते, असं तुम्ही गाडीत बसताना म्हणालात. मला सहा दिवस लागले, कारण दोनदा पुन्हा लिहावी लागली. तुम्ही स्वतः तिथे होतात, तरी लिहितो. नोंद ही जो होता त्याच्यासाठीच असते, असंही तुम्हीच म्हणाला होतात.

२४ तारखेला ८.१७ ची गाडी दोन मिनिटं उशिरा आली. तुम्ही उतरून पहिलं वाक्य म्हणालात, “दोन मिनिटं.” मी म्हटलं, बोगद्याजवळ माकडं येतात. मग आपण दोघांनी मासे-भाताच्या डब्याकडे पाहिलं. तळ्याच्या फेरीला पन्नासऐवजी ऐंशी मिनिटं लागली. तुमचा गुडघा बरा होता. प्रत्येक पाटी तुम्ही पूर्ण वाचलीत.

२५ तारखेला सकाळी सरायीच्या खोलीतून निघताना आपण दोघांनी एकदम चहाच्या शेगडीकडे बोट दाखवलं आणि एकदम म्हणालो, “बंद.” सरायीची मालकीण जिन्यात उभी होती. ती कांद्याची टोपली खाली ठेवून हसली. तुम्ही तिला म्हणालात, “घराण्याची सवय आहे.” ते तुम्ही सहज म्हणालात. मी जिना उतरताना रेलिंग धरलं.

कक्षाच्या खिडकीपाशी ८.४० ला पोचलो. मी माझा कागद दिला, तुम्ही तुमचा. मारुयामा-सान यांनी चष्मा लावला.

“कुनिमोतो-सान, हा रकाना रिकामाय.”

“असू द्या.”

“असू कसा द्या? उद्या दरीत पडलात तर मी फोन करून काय सांगू? ‘कोणीतरी पडलाय, तुमचं कोण ते तुम्हीच ठरवा’?”

मागे चार माणसं रांगेत होती. मी म्हटलं, “ओळखीचा चालतं ना?”

मारुयामा-सान माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू गप्प. तुझा कागद झालाय.”

तुम्ही टोपी काढलीत. पुन्हा घातलीत. मग विचारलंत, “त्याच्या कागदावर काय आहे?”

“वडील.”

“मग त्याच्या उलट लिहा.”

“मी नाही लिहायची. तुमचा कागद, तुमचा हात. आणि दाबून लिहा, खाली कार्बन आहे.”

तुम्ही लिहिलंत. तुमचं अक्षर नेहमी उजवीकडे झुकतं, ते झुकलेलं नव्हतं. मारुयामा-सान यांनी शिक्का मारला आणि रांगेतल्या माणसांना म्हणाल्या, “बघत काय बसलाय, पुढे या! अस्वल वाट बघतंय.” त्यांचे डोळे लाल होते, पण त्यांना गवताची ॲलर्जी आहे.

वाटेला दोन तास एक मिनिट लागलं. पहिलं बाक हललं नाही. दुसऱ्या बाकावर ‘विश्रांती’ घेतली. समोर बर्फाची घळ होती आणि तिच्यातून थंड वारा येत होता. तुम्ही मासे-भाताची पानं उलगडलीत आणि सुरीने आठ भाग केलेत. मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, “तू कप पुसत होतास.”

मी म्हटलं, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“पुसायचा आवाज थांबला होता.”

नंतरचं सगळं मी शब्द न बदलता लिहितो.

मी म्हटलं, “मग?”

तुम्ही म्हणालात, “मग काय. तुझा मामा म्हणत होता, याला नागोयाला नेतो, कारखान्यात चिकटवतो. मला हक्क असता तर मी नाही म्हटलं असतं. हक्क नाही म्हणालो. नको म्हणालो नव्हतो.”

“मग मला तसं सांगायचं.”

“सांगणार होतो. तू चिठ्ठी ठेवलीस. सहा ओळी, एकही चूक नाही, खाली तारीख, सही. उत्तर द्यायला जागाच ठेवली नव्हतीस.” आणि मग, “खा. भात वाळतोय.”

मी तीन तुकडे खाल्ले. तुम्ही चार. आठवा तुकडा तुम्ही बाकाच्या फळीवर आईसाठी ठेवलात, आणि थोड्या वेळाने म्हणालात, “तिला पित्त व्हायचं याने,” आणि तोही मला दिलात.

मी विचारलं की २६ जूनच्या पत्राला उत्तर का दिलं नाहीत. तुम्ही खरंच आश्चर्याने पाहिलंत. “उत्तर कशाचं? योजना तर मी तपासून पाठवली होती.”

खांद्यावर धुकं होतं. समुद्र दिसला नाही, पूल दिसला नाही, तोयामा दिसलं नाही. मी चार वेळा माफी मागितली. तुम्ही दुर्बीण लावून धुक्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, “सात नंबर वेळेवर आहे.” मी हसलो. गेल्या पाच वर्षांत मी हसलो नाही असं नाही, पण हे वेगळं होतं.

खाली आलो ते लिफ्टने, ठरल्याप्रमाणे. प्रत्येक खुर्चीवरून लिलीचा उतार दिसतो, पण तुम्ही पूर्ण वेळ वरच्या दोरीकडे आणि खांबांकडे पाहत होतात. खांब क्रमांक नऊचं एक चाक किंचित आवाज करतं असं म्हणालात. सोमवारी आम्ही ते तपासलं. तुमचं बरोबर होतं. प्रमुखांनी विचारलं की हे कोणाच्या लक्षात आलं. मी सांगितलं कोणाच्या. एकच शब्द लागला.

खाली आल्यावर मी आधी पेटीपाशी गेलो. तुम्ही मला बाजूला केलंत आणि दोन्ही चिठ्ठ्या स्वतः टाकल्यात. मग पेटीच्या फटीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणालात, “इओरी, ठीक. मी, ठीक.” खिडकीतून मारुयामा-सान ओरडल्या, “ऐकू आलं!”

२६ तारखेची १०.४० ची गाडी वेळेवर सुटली. एकूण तीन दिवसांत योजनेपेक्षा आपण एकोणचाळीस मिनिटं मागे होतो. कारणं वर दिली आहेत. पुढच्या वेळी बाकांवर आणखी वेळ ठेवीन. लिली ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत असतात. ऑक्टोबरमध्ये बीच झाडं पिवळी होतात, तेव्हा गाड्या रिकाम्या असतात. मी चौकशी केली आहे, शिबिरं नसतात.

पत्राचा मायना मी तोच ठेवला आहे. आई तुम्हाला लग्नानंतरही ‘कुनिमोतो-सान’च म्हणायची आणि चहा द्यायची. मला तो शब्द तिच्याकडून मिळाला आहे, बदलावासा वाटत नाही. दुसरा शब्द कागदावर आहे, कार्बनसह.

तुमचं कार्ड मंगळवारी पोचलं. ‘घरी पोचलो. गुडघा ठीक, उतरतानाही. ही उतरल्याची नोंद समजावी.’

ते घेऊन मी खिडकीपाशी गेलो आणि विचारलं की हे पेटीत टाकायचं असतं का. मारुयामा-सान यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, शिक्का उचलला, थांबल्या आणि कार्ड परत माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, “ही तुझ्या पेटीत.”

नोंद मिळाली.

इओरी